खापर कुणाच्या माथी?

माझ्या गावाचे नाव खापर. नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यात, अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावर, गुजरातच्या हद्दीजवळ. नाव सांगितले की मित्र हमखास विचारतात, ''आज कुणाच्या माथी फुटले?'' इंजिनाच्या बाबतीत उत्तर ठरलेले असते: कार्बोरेटरच्या. गाडी ओढत नसली की जो तो कार्बोरेटरचा स्क्रू पिळतो. सायलेन्सरकडे कुणी बघत नाही.

गेल्या दिवाळीत सुरतेहून माझा भाचा आला. सोबत रिमोटवर पळणारी हातभर लांबीची मोटार. खेळणे म्हणावे तर आत खरेखुरे टू-स्ट्रोक इंजिन, साडेतीन सीसीचे. त्याला पेट्रोल चालत नाही. मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल यांचे मिश्रण लागते. मोटार जागेवर गुरगुरे, पण वेग दिला की धाप लागून बंद पडे. भाचा तासभर कार्बोरेटरची सुई फिरवत बसला. ''मामू, कार्बोरेटरच खराब निघाला,'' तो म्हणाला. मला १९९१ सालचा पावसाळा आठवला.

तेव्हा माझ्याकडे जुनी टू-स्ट्रोक मोटारसायकल होती. आवाज दमदार यावा म्हणून मी सायलेन्सरमधली पुंगळी काढून टाकली होती. चार घरांपलीकडे आवाज जाई आणि मला वाटे, ताकदही वाढली. एका रात्री अब्बा तापाने फणफणले. त्यांना मागे बसवून मी अक्कलकुव्याला निघालो. वाटेतल्या चढावर गाडीने दम टाकला. आवाज डोंगराएवढा, ओढ मात्र काडीची नाही. शेवटी अब्बा उतरले आणि पावसात माझ्या मागून चालू लागले. ते काही बोलले नाहीत. मी कार्बोरेटरला शिव्या देत होतो. दुसऱ्या दिवशी रस्त्यावरच्या गॅरेजातल्या उस्तादांनी गाडीला हात न लावताच विचारले, ''पुंगळी कुठे आहे?''

मंडळी, या पुंगळीचा इतिहास मोठा आहे. साध्या टू-स्ट्रोक इंजिनाच्या सिलिंडरला झडपा नसतात. पिस्टन खाली सरकला की आधी धूर जाण्याचे भोक उघडते, मग ताजे मिश्रण येण्याचे. काही क्षण दोन्ही उघडीच असतात. पुढच्या दाराने आलेला पाहुणा मागच्या दाराने निघून जावा, तसे ताजे इंधन न जळताच बाहेर पडते. मागचे दार राखायला कोण बसवायचे?

उत्तर निघाले धुरातूनच. धूर सुटतो तेव्हा नळीत दाबाची लाट धावते. नळी जिथे रुंदावत जाते तिथून ओढणारी लाट परत येते. ती सिलिंडरमधला उरलासुरला धूर बाहेर खेचते. पुढे नळी निमुळती होते, तिथून ढकलणारी लाट उलटते आणि निसटलेले इंधन दार मिटण्याआधी पुन्हा आत लोटते. पूर्व जर्मनीच्या एमझेड कारखान्यात वॉल्टर काडन या इंजिनियराने १९५०च्या दशकात ही विद्या पणाला लावली. १९६१ पर्यंत त्याच्या १२५ सीसीच्या इंजिनाने २५ अश्वशक्ती दिली. त्याच वर्षी सप्टेंबरात त्याचा शर्यतपटू एर्न्स्ट डेग्नर स्वीडनच्या शर्यतीनंतर घरी परतलाच नाही. तो काडनची विद्या घेऊन जपानच्या सुझुकीकडे गेला आणि १९६२ मध्ये सुझुकीच्या ५० सीसी गाडीवर जगज्जेता झाला. एका नळीच्या आकारासाठी माणसाने देश सोडला!

भाच्याच्या मोटारीतही हीच नळी. तिचे इंजिन मिनिटाला ३० हजार फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ५००. धुराचे दार उघडे राहते जेमतेम सेकंदाचा हजारावा भाग. तापलेल्या धुरात लाट सेकंदाला साधारण ५०० मीटर धावते. एवढ्या वेळात तिची धाव अर्धा मीटर. जाऊन-येऊन हिशेब केला तर लाट उलटण्याची जागा पाव मीटरवर हवी. नळी लांब केली तर ताकद कमी फेऱ्यांवर मिळते, आखूड केली तर जास्त फेऱ्यांवर.

आमच्याकडे टू-स्ट्रोक गावोगाव पोहोचले ते पुण्याच्या गाड्यांमुळे. बजाजची चेतक आणि कायनेटिकची लूना, दोघींचे साल १९७२. त्यांच्या सायलेन्सरात शर्यतीच्या गाडीची करामत नव्हती, पण आतले पडदे आणि पुंगळी हिशेबाने बसवलेली असत. मी माझ्या गाडीचा तोच हिशेब उपटून फेकला होता. आणि लाट कितीही हुशार असली तरी सगळे इंधन परत आणू शकत नाही. उरलेले आपण श्वासात घेत होतो. १९९१, १९९६ आणि २००० साली धुराचे नियम कडक होत गेले आणि टू-स्ट्रोक दुचाकी हळूहळू मागे पडल्या. आता चेतक २०२० पासून आणि लूना २०२४ पासून विजेवर धावते. धूरच नाही, तर पुंगळी कुठली?

भाच्याची मोटार मी उलटी केली. या मोटारीत धुराच्या नळीपासून इंधनाच्या टाकीपर्यंत एक बारीक रबरी नळी असते. धुराचाच दाब इंधन पुढे ढकलतो. ती टाकीवरून निसटली होती. मी ती बसवली आणि त्याला सुई मूळ जागी आणायला सांगितले. मोटार अंगणातून सुसाट सुटली.

''मामू, तुम्हाला कसे कळले?'' त्याने विचारले. मी म्हटले, ''तुझ्या नानांनी शिकवले.'' पावसात माझ्या मागून चालत आलेल्या त्यांच्या पावलांविषयी मात्र मी त्याला अजून सांगितलेले नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)