ध्वनीच्या पातळीची पाठचिकित्सा : शिरूर व दौंड तालुक्यांतील चित्रफितींच्या निमित्ताने

इतिहासाच्या साधनांत कागदपत्रे, शिलालेख व नाणी यांच्या जोडीला चित्रफितीची भर पडली, त्यास आता बराच काळ लोटला आहे. घोड व भीमा या नद्यांच्या आश्रयाने वसलेल्या शिरूर आणि दौंड या तालुक्यांत अशा साधनांचा तोटा नाही. रांजणगावच्या गणपतीचा भाद्रपदातील उत्सव, यवत व वरवंड येथे मुक्कामास येणारी तुकोबांची पालखी, गावोगावची कीर्तने व वृद्धांच्या मुलाखती यांचे चित्रण कॅमेऱ्यावर किंवा मोबाइलवर होते आणि पुढे संगणकावर त्याची जुळणी केली जाते. या जुळणीत एक दोष वारंवार आढळतो. बोलणाऱ्याचा आवाज मध्येच खोल जातो, अथवा अकस्मात चढतो. तंत्रज्ञाच्या दृष्टीने ही एक अडचण असते. इतिहासाच्या अभ्यासकाच्या दृष्टीने मात्र तो पुराव्यात झालेला फेरफार होय, आणि तो केव्हा व कोणाच्या हातून झाला हे ठरविणे त्यास भाग आहे.

हा प्रश्न बोलपटाइतकाच जुना आहे. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात ‘आलम आरा’ प्रदर्शित झाला. त्याचे ध्वनिमुद्रण चित्राबरोबर एकाच फिल्मवर करण्यात आले होते. स्टुडिओजवळून लोहमार्ग जात असल्याने गाड्यांची वर्दळ थांबल्यावर, रात्रीच्या वेळी, बरेचसे काम उरकावे लागे. एकाच फिल्मवर ध्वनी व चित्र असल्यामुळे आवाजाची पातळी चित्रणाच्या क्षणीच कायमची ठरून जाई. ध्वनी वेगळ्या फिल्मवर घेण्याची पद्धत रूढ झाली, तेव्हा तो नंतर कमीजास्त करण्याची मोकळीक मिळाली. परंतु त्याबरोबरच पातळी ठरविणारे हात एकाऐवजी अनेक झाले. १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट काढणारी प्रभात फिल्म कंपनी १९३३ साली कोल्हापूरहून पुण्यास आली. तिच्या ध्वनिमुद्रणाची धुरा वाहणारे विष्णुपंत दामले हेच १९३६ च्या ‘संत तुकाराम’ या चित्रपटाचे, फत्तेलाल यांच्यासह, दिग्दर्शक होते. कानाने पातळी तोलणारा आणि प्रसंगाचा अर्थ जाणणारा मनुष्य एकच असणे, हा योग पुढील काळात दुर्मिळ झाला.

मुद्रण करणारा, मिश्रण करणारा व चित्रपटगृहात यंत्र चालविणारा, हे तिघे एकमेकांस पाहत नसत. जत्रेतील तंबूच्या सिनेमात तर बाहेरच्या कोलाहलावर मात करण्यासाठी ध्वनिवर्धक चढवावाच लागे. म्हणून सर्वांना समान असे माप आवश्यक झाले. अमेरिकेत १९३९ च्या सुमारास व्हीयू मीटर प्रमाणभूत ठरला. कानाला जाणवणाऱ्या आवाजाचे माप आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २००६ साली निश्चित केले आणि त्याच्या आधारे युरोपीय प्रसारकांनी २०१० साली उणे २३ एलयूएफएस ही पातळी स्वीकारली. क्षणिक शिखर आणि जाणवणारा आवाज या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे यातून मान्य झाले. शिखराकडे पाहून पातळी बसविल्यास उत्सवातील एका फटाक्यामुळे संपूर्ण कीर्तन दबलेले राहते, ते याच कारणाने.

संगणकावरील जुळणीत पातळी बिघडण्याची स्थाने मोजकी आहेत. तुकड्याची स्वतःची पातळी आणि त्याच्या पट्टीची पातळी या वेगवेगळ्या असतात. एक तपासून दुसरी विसरली जाते. पूर्वी घातलेले कीफ्रेम दृष्टीआड राहून आवाज उतरवीत असतात. तोच ध्वनी चुकून दोन पट्ट्यांवर राहिला तर तो ६ डेसिबलने वाढतो. उलट, डाव्या वाहिनीतील लहर वर जात असता उजवीतील तितकीच खाली जात असेल, तर हेडफोनवर नीट ऐकू येणारे भाषण मोबाइलच्या एकाच कर्ण्यावर दोन्ही वाहिन्या एकत्र होताच जवळजवळ नाहीसे होते. हे सर्व दोष मूळ फाइल शाबूत असेल तर दुरुस्त होतात.

चित्रणाच्या वेळीच घडणारे दोष मात्र तसे नाहीत. कॅमेऱ्यातील स्वयंचलित पातळी-नियंत्रण मोठा आवाज होताच सर्वच ध्वनी खाली ओढते व शांतता होताच हळूहळू वर नेते. १८७८ साली मनमाडचा लोहमार्ग सुरू झाल्यापासून दौंड हे जंक्शन आहे. तेथे मुलाखत चालू असता इंजिनाची शिटी झाली, तर त्यानंतरची काही वाक्ये खोल जातात. ऐकणारा समजतो की वक्त्याने आवाज उतरविला, तो कचरला किंवा गहिवरला. वस्तुतः उतरले ते यंत्र होय. पालखीच्या चित्रणात याहून मोठी हानी होते. दिंडी दुरून येते, टाळ-मृदंगाचा नाद वाढत जातो आणि ती पुढे गेल्यावर ओसरतो. यंत्र हा सारा चढउतार सपाट करते. दूर आणि जवळ यांतील भेदच राहत नाही. मर्यादेपलीकडे जाऊन कापला गेलेला ध्वनी तर पातळी उतरवूनही पूर्ववत होत नाही.

यावरील उपाय पुणेकर अभ्यासकांस अपरिचित नाही. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली हाती घेतलेली महाभारताची चिकित्सित आवृत्ती १९६६ साली पूर्ण झाली, ती हस्तलिखितांची तुलना करून, पाठभेद नोंदवून. चित्रफितीच्या बाबतीतही हाच क्रम योग्य ठरतो. प्रथम कॅमेऱ्यातील मूळ फाइल जुळणीबाहेर, स्वतंत्रपणे ऐकावी. तीत दोष असेल तर तो चित्रणातील, नसेल तर जुळणीतील. जुळणीत निर्दोष व तयार प्रतीत सदोष आढळल्यास तो प्रत काढताना शिरला असे समजावे. तयार प्रतही निर्दोष असल्यास ऐकण्याचे साधन तपासावे. प्रत्येक पायरीवर एकच गोष्ट बदलावी व बदलाची नोंद ठेवावी.

हस्तलिखिताचा लेखक पाठ बदलीत असे, तेव्हा निदान त्याचे अक्षर मागे राहत असे. पातळी बदलणारा हात असा कोणताच माग ठेवीत नाही. म्हणून मूळ फाइल न पुसता जपणे, चित्रणापूर्वी स्वयंचलित नियंत्रण बंद करता येत असल्यास ते करणे आणि केलेल्या दुरुस्त्या फाइलसोबत लिहून ठेवणे, ही कामे तांत्रिक शिस्तीत मोडतात तशीच साधनरक्षणातही मोडतात. यवतच्या वाटेवरील दिंडी किती दुरून ऐकू येत होती, या प्रश्नाचे उत्तर पुढील पिढीस त्या फाइलीखेरीज अन्यत्र मिळणार नाही.