एका नावाचा प्रवास : अलेक्झांडर आणि सिकंदर

हजेरीपटावर सिकंदर हे नाव दिसले की मुलगा मुसलमान असणार, आणि अलेक्झांडर दिसले की ख्रिस्ती असणार, असे आपण मनोमन धरून चालतो. वास्तविक ही दोन्ही एकाच नावाची रूपे आहेत. आणि हे नाव या दोन्ही धर्मांच्या उदयापूर्वी हजारांहून अधिक वर्षे माणसे आपल्या मुलांना ठेवत होती. मग एका नावाची अशी दोन रूपे कशी झाली?

मूळ ग्रीक नाव अलेक्सान्द्रॉस. त्याचे दोन भाग पडतात. 'अलेक्सो' म्हणजे राखणे, बचाव करणे. 'अनेर' म्हणजे पुरुष. दोन्ही मिळून अर्थ होतो माणसांचे रक्षण करणारा. आता हेच दोन शब्द संस्कृतात शोधू. 'अनेर'चा भाऊ आहे 'नर', आणि 'अलेक्सो'चा भाऊ आहे 'रक्ष्' हा धातू. म्हणजे संस्कृतात या नावाचे भाषांतर 'नररक्षक' असे केले, तर दोन्ही शब्द मूळ नात्यातलेच येतात!

हे नाते ओढूनताणून जोडले आहे का? पडताळून पाहू. संस्कृत शब्द व्यंजनाने सुरू होतो, तेथे ग्रीक शब्दाच्या आरंभी अनेकदा एक स्वर दिसतो : नर–अनेर, तारा–अस्तेर, नाम–ओनोमा. संस्कृतातल्या 'र'च्या जागी ग्रीकमध्ये काही शब्दांत 'ल' असतो : 'रुच्' (प्रकाशणे) आणि 'लेउकॉस' (शुभ्र). संस्कृत 'क्ष'च्या जागी 'क्स' येतो : दक्षिण–देक्सिऑस. हे तीनही बदल 'रक्ष्' आणि 'अलेक्स्' या जोडीत एकदम दिसतात. एकाने दुसऱ्याकडून शब्द उसना घेतला असे येथे झालेले नाही. दोन्ही भाषा एकाच पुरातन भाषेच्या लेकी आहेत, त्याची ही खूण आहे.

'अनेर'चे 'आन्द्र' होताना मध्ये 'द' कोठून आला? 'न' नंतर लगेच 'र' उच्चारताना जीभ सहजच 'द'वर टेकते. आपल्या खेड्यापाड्यांत 'वानर'चे 'वांदर' झाले ते याच कारणाने. मुलांना दोन्ही शब्द भरभर म्हणायला लावले तर हे त्यांना आपोआप उमगेल.

नाव किती जुने? ग्रीसमधील मायसीनी येथे इ.स.पू. १३व्या शतकातील मातीची एक पाटी मिळाली. तिच्यावर 'आ-रे-का-सा-दा-रा' अशी अक्षरे आहेत. ही अलेक्सान्द्रा नावाची स्त्री. या लिपीत 'र' आणि 'ल' यांना वेगळी चिन्हे नव्हती, म्हणून 'ले'च्या जागी 'रे' दिसतो. मायकेल व्हेंट्रिस यांनी १९५२ साली ही लिपी उलगडली. त्याच शतकातील हित्ती राजाच्या एका तहात विलुसा या राज्याच्या 'आलाक्सांदू' राजाचा उल्लेख आहे. विलुसा म्हणजेच ट्रॉय, असे बहुतेक संशोधक मानतात. जगज्जेता म्हणून प्रसिद्ध असलेला मॅसिडोनियाचा अलेक्झांडर इ.स.पू. ३५६ मध्ये जन्मला, म्हणजे त्यानंतर सुमारे नऊशे वर्षांनी.

भारतात हे नाव दगडावर कोरलेले सापडते. अशोकाच्या तेराव्या शिलालेखात पाच यवन राजांची नावे आहेत. त्यांतले एक शाहबाझगढीच्या प्रतीत 'अलिकसुदर' असे येते. हा जगज्जेता अलेक्झांडर नव्हे. त्याला मरून तेव्हा पासष्टएक वर्षे झाली होती. हा ग्रीसमधला त्याच नावाचा दुसरा राजा.

मग 'सिकंदर' कसे झाले? अरबीत नामांपूर्वी 'अल्' हे उपपद लागते. ऐकणाऱ्यांना अलेक्झांडरमधले 'अल्' तेच वाटले आणि ते सुटे झाले. उरलेल्या भागात 'क्स'चे 'स्क' झाले, जसे आपल्याकडे कोणी लखनौला नखलौ म्हणतो. असे 'इस्कंदर' तयार झाले, आणि फारसीत पुढचा 'इ' गळून 'सिकंदर'. इराणने या माणसाला दोन चेहरे दिले. जरथुश्त्री पहलवी ग्रंथांत तो धर्मग्रंथ जाळणारा शापित शत्रू आहे. इ.स. १०१०च्या सुमारास पुऱ्या झालेल्या फिरदौसीच्या 'शाहनामा'त मात्र तो इराणी राजाचाच मुलगा ठरतो.

फारसीबरोबर हे नाव पुन्हा भारतात आले. अल्लाउद्दीन खिलजीने नाण्यांवर स्वतःला 'दुसरा सिकंदर' म्हणवून घेतले. विजापूरचा शेवटचा सुलतान सिकंदर आदिलशहा १६७२ साली लहानपणीच गादीवर बसला आणि १६८६ साली औरंगजेबाला शरण गेला. हैदराबादच्या निजामाच्या, सिकंदरजाहच्या नावावरून सिकंदराबाद वसले.

नाव उलट दिशेनेही गेले. अल्बानियाच्या एका सरदारपुत्राला तुर्कांनी ओलीस नेऊन 'इस्कंदर' हे नाव दिले. त्याने १४४३ साली तुर्कांविरुद्धच बंड केले. 'स्कंदरबेग' या नावाने तो आज त्या देशाचा राष्ट्रवीर आहे. ग्रीसहून पूर्वेला गेलेले नाव असे रूप पालटून ग्रीसच्या शेजारी परतले. इटलीत अलेस्सांद्रो (विद्युतघट बनवणारा व्होल्टा), हंगेरीत शांदोर, स्कॉटलंडमध्ये अ‍ॅलस्टर आणि लाडाने सँडी, रशियात लाडाने साशा, ही सगळी एकाच घरची मुले.

वर्गात असा शोध जरूर घ्यावा. मुलांना आपापल्या नावाचा अर्थ, भाषा आणि इतर रूपे शोधू द्यावीत. एक पथ्य मात्र पाळावे : नुसत्या ध्वनिसाम्यावर नाते ठरवू नये. 'स्कंद' आणि 'सिकंदर' कानाला जवळचे वाटतात, पण 'स्कंद' हा शब्द उडी घेणे या अर्थाच्या धातूपासून आला आहे. उलट 'रक्ष्' आणि 'अलेक्स्' कानाला परके वाटतात, आणि ते मात्र सख्खे आहेत. नाते ठरते ते पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या नियमाने. अशा शोधात हजेरीपटावरचे एखादे 'परके' नाव आपल्याच गोतातले निघाले, तर ते मुलांच्या दीर्घकाळ लक्षात राहील.