यमककोश आणि परीक्षा

भाषेच्या परीक्षेत विद्यार्थ्याला कोश पाहू द्यावा की नाही, याविषयी अध्यापकांत दोन पक्ष आढळतात. कोश दिल्यास स्मरणाची कसोटी बुडते, असे एकाचे म्हणणे. शब्द हाताशी असला म्हणून लेखन साधते असे नाही, असे दुसऱ्याचे. राजसेवेसाठी चीनमध्ये होणाऱ्या परीक्षांचा इतिहास पाहिला, की हा वाद किती जुना आहे ते ध्यानात येते.

तांग राजवटीत, 758 च्या सुमारास, ली ख्वेइ हा परीक्षाधिकारी होता. उमेदवारांची झडती घेऊन पुस्तके काढून घेण्याची रीत त्याला पटत नव्हती. त्याने परीक्षेच्या अंगणातच पाच अभिजात ग्रंथ, इतिहासग्रंथ आणि 'छिएयुन' हा कोश मांडून ठेवला व हवे ते खुशाल पाहण्याची मुभा दिली. ज्याच्यापाशी लेखनाची शक्ती नाही, तो ग्रंथांच्या राशीत बसूनही काही लिहू शकणार नाही, अशी त्याची धारणा होती. पुढे सुंग काळात अशा सवलतीला नियमाचे रूप आले. पद्यरचनेची परीक्षा देणाऱ्यांना 'छिएयुन' आणि 'यूपिएन' हे कोश जवळ बाळगता येत. चोरून दुसरे पुस्तक आणणारा बाद होई.

नेमके हेच कोश का? 'यूपिएन' (543) हा अक्षरांचा कोश, तर 'छिएयुन' (601) हा यमकांचा. त्यात स्वर आणि यमक यांनुसार 193 वर्ग पाडलेले आहेत. त्याचा कर्ता लू फायान प्रस्तावनेत सांगतो, की घरी जमलेल्या आठ विद्वानांनी उत्तरेकडील व दक्षिणेकडील उच्चारांची जी चर्चा केली, तिच्यातून हा ग्रंथ उभा राहिला. म्हणूनच तो एका नगराच्या बोलीची नोंद नसून अनेक परंपरांचा मेळ आहे, असे बरेच अभ्यासक मानतात. हा प्रमाण उच्चार संपूर्णपणे कोणाच्याच घरचा नव्हता. उत्तरेचा असो वा दक्षिणेचा, कोशाची गरज प्रत्येक उमेदवाराला होती. कोश जवळ ठेवू देणे ही आमच्या मते केवळ उदारता नव्हती, तो न्यायही होता.

काळाबरोबर बोली बदलत गेली. तेराव्या शतकात यमकवर्ग 106 वर आले, तरी कान आणि ग्रंथ यांतील अंतर मिटले नाही. आजच्या प्रमाण चिनीत 'पूर्व' आणि 'हिवाळा' यांचे शब्द उच्चाराने एकच आहेत. यमकग्रंथात मात्र त्यांचे वर्ग वेगळे. उलट 'युआन', 'मन' आणि 'त्सुन' हे कानाला न जुळणारे शब्द तेराव्या वर्गात एकत्र बसतात. श आणि ष यांचा भेद बोलताना न करणाऱ्या, पण लिहिताना पाळणाऱ्या मराठी वाचकाला ही अडचण सहज समजेल. छिंग राजवटीत 1757 साली परीक्षेत पद्यरचना पुन्हा आली, आणि शंभर वर्षांनी गाओ शिनख्वेइ या कवीला याच तेराव्या वर्गातील यमकाने दोनदा चौथ्या श्रेणीत ढकलले, असे सांगतात.

1905 साली ही परीक्षापद्धती बंद झाली. ली ख्वेइच्या अंगणात जो कोश लिहिणाऱ्याचा सोबती होता, त्याच परंपरेतला ग्रंथ गाओच्या वेळी त्याचा न्यायाधीश झाला होता. तेव्हा कोश द्यावा की नाही, एवढ्यावर आपली चर्चा थांबू नये. ज्या प्रमाणभाषेवर आपण गुण देतो, ती विद्यार्थ्याच्या कानात कितपत जिवंत आहे, हेही विचारावे लागेल. ती तिथे नसेल, तर कोश नाकारण्याचा अधिकार परीक्षकाला उरतो का?