बटाव्हियाच्या कोंबड्या

परसात चार कोंबड्या असल्या, म्हणजे घरातली मुले त्यांना काहीबाही टाकीतच असतात. कलिंगडाची साल, काळे पडलेले केळे, ताटातला उरलेला भात. कोंबडी कशालाच नको म्हणत नाही. पण ती आवडीने खाते म्हणून तेवढ्यावर तिचे भागते, असे मात्र नव्हे. ही गोष्ट माणसाला उमगली ती जावा बेटावर, आणि तीही एका आचाऱ्याच्या हट्टामुळे.

जावावर तेव्हा डचांचे राज्य होते. सैनिक आणि कैदी बेरीबेरीने मरत. पाय लुळे पडत, अंगाला सूज येई. जंतूंचे शास्त्र त्या काळी नवे. म्हणून याचाही जंतू असणार असे धरून १८८६ साली डच सरकारने तेथे डॉक्टर पाठविले. त्यांतले ख्रिस्तियान आइकमन पुढे बटाव्हियास, म्हणजे आजच्या जाकार्तास, राहिले. लष्करी इस्पितळात त्यांची प्रयोगशाळा होती आणि प्रयोगाला कोंबड्या होत्या.

१८८९ च्या जुलैत या कोंबड्यांचे पाय लटपटू लागले. रोग टोचलेल्या कोंबड्या पडल्या, तशा न टोचलेल्याही पडल्या! कारण काही केल्या कळेना. आणि नोव्हेंबरअखेर रोग आपोआप थांबला.

मग चौकशी झाली. कोंबड्या सांभाळणारा नोकर काटकसर म्हणून इस्पितळाच्या मुदपाकखान्यातला पांढरा भात त्यांना घालीत होता. पुढे आचारी बदलला. नव्याने साफ सांगितले, लष्कराचा भात बिनलष्करी कोंबड्यांना मिळायचा नाही! कोंबड्या पुन्हा साध्या, न सडलेल्या तांदळावर आल्या, आणि बऱ्या झाल्या.

गंमत अशी, की एवढे पाहूनही आइकमन यांना वाटले, भातात विष आहे आणि कोंड्यात त्याचा उतारा. भातात काही जास्त नसून कमी आहे, हे त्यांच्या जागी आलेल्या खेरिट ग्राइन्स यांनी १९०१ साली मांडले. त्याआधी फोर्डरमन यांनी जावातले शंभरावर तुरुंग तपासले होते. सडीक तांदूळ खाणाऱ्यांत ३९ कैद्यांमागे एकाला बेरीबेरी. बिनसडीक तांदळाच्या तुरुंगांत १०,००० मागे एकाला. आपल्याकडची हातसडीची म्हातारी माणसे हे ऐकून हसली असती.

फळांचेही तसेच आहे. पपई, पेरू, कलिंगड खुशाल टाकावे, पण बारीक करून, आणि दिवसाच्या खाण्याच्या दहाव्या हिश्श्याहून जास्त नको. पोट भरायचे ते दाण्याने, कोंड्याने, पेंडीने. बुरशी धरलेले फळ उकिरड्यावर जाऊ द्या, मात्र कोंबड्यांची चाल तिकडे नसावी. अव्होकॅडो आता बाजारात दिसते. त्याची साल आणि कोय पाखरांना विषारी, तेव्हा ते फळच कोंबड्यांपुढे टाकू नये.

कोंड्यातले ते द्रव्य, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, शुद्ध रूपात हाती आले १९२६ साली, बटाव्हियाच्या त्याच प्रयोगशाळेत. आइकमन यांना नोबेल पारितोषिक मिळाले १९२९ साली. तो आचारी तेव्हा कुठे होता, कोण जाणे.