तगरचा बाजार आणि मातीतला टाइमस्टॅम्प

आषाढी एकादशीला आपल्या पिंप्राळ्यात रथ निघतो, रस्त्यावर दुकानं लागतात. समजा, दोन हजार वर्षांनी कुणी तिथे खोदलं, तर इथे बाजार भरायचा हे कळणार कसं? माल विकला गेला, माणसं घरी गेली. उरतात फुटकी खापरं, पडलेली नाणी, बांगड्यांचे तुकडे, मणी.

अथेन्सचा जुना बाजारचौक, म्हणजे अगोरा, अशाच तुकड्यांवरून कळला. अमेरिकन संशोधकांनी १९३१ मध्ये तिथे उत्खनन सुरू केलं, आणि त्यासाठी वरची शेकडो घरं पाडली गेली. खाली पुढाऱ्यांची नावं कोरलेली खापरं सापडली. नकोशा पुढाऱ्याला दहा वर्षं शहराबाहेर काढायला लोक त्यांवर मत द्यायचे!

आता आपल्याकडे या. पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेलं 'पेरिप्लस' नावाचं व्यापाराचं एक पुस्तक आहे. त्यात दख्खनच्या दोन मोठ्या बाजारपेठा सांगितल्यात: पैठण आणि तगर. दोन्हीकडचा माल गाड्यांतून भडोचला जायचा. तगरहून मुख्यतः कापड. हे तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं तेर. आणि पैठणकर आपल्या बाजूलाही यायचे बरं का! चाळीसगावजवळच्या पितळखोरा लेण्यात पैठणच्या मितदेवाचं दान कोरलेलं आहे. घराणं गंधिकांचं, म्हणजे अत्तर-सुगंध विकणाऱ्यांचं.

तेरमध्ये गाव जुन्या वस्तीच्या मातीवरच नांदतंय. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात सापडणाऱ्या मूर्ती, मणी, नाणी आयुष्यभर जमवली. आज त्यांच्या नावाचं सरकारी संग्रहालय तेरमध्येच आहे. त्यात एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. तशीच भारतीय मूर्ती १९३८ मध्ये इटलीतल्या पाँपेईत सापडली. पाँपेई इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेलं, म्हणजे ती मूर्ती त्याआधीची, हे पक्कं. तेरच्या मूर्तीचा काळ ठरवताना तिच्याशी तुलना करावी लागते.

इथेच खरा मुद्दा आहे. मातीचा थर म्हणजे टाइमस्टॅम्प. लामतुरेंनी वस्तू वाचवल्या, हे उपकार मोठेच. पण थरातून सुटलेली वस्तू म्हणजे तारीख-वेळ उडालेला डेटा. वस्तू हातात असते, पण तिच्या शेजारी काय होतं, खाली काय होतं, ते गेलं. म्हणून १९५८ मध्ये चापेकरांनी तेरला थराथराने उत्खनन केलं, ते महत्त्वाचं.

आपल्या खान्देशातही गिरणाकाठी बहाळ आणि तापीकाठी प्रकाशे इथे १९५० च्या दशकात उत्खनन झालं. पण कितीतरी गावांच्या पांढरीला अजून कुणी हात लावलेला नाही. तिथली माती मात्र धाब्याच्या छतावर टाकायला, शेतात पसरायला जाते. आता तर जेसीबी आहे. एका दुपारी हजार वर्षांचे थर एकाच ट्रॉलीत!

तर भाऊ, तुमच्या गावच्या पांढरीत नाणं, मूर्ती दिसली तर उचलून खिशात टाकू नका. जागेवरच फोटो काढा, लोकेशन सेव्ह करा आणि तहसील कार्यालयात किंवा पुरातत्त्व विभागाला कळवा. फोन तर खिशात आहेच.