आधी पान, मग ध्वज

दोन लाल पट्ट्यांच्या मधोमध पांढऱ्या चौकोनात मेपल वृक्षाचे लाल पान असलेला कॅनडाचा राष्ट्रध्वज १५ फेब्रुवारी १९६५ रोजी अधिकृतपणे फडकला, तेव्हा १ जुलै १८६७ रोजी स्थापन झालेल्या त्या संघराज्याला ९७ वर्षे उलटून गेली होती. तोवर देशाचे सैनिक दोन महायुद्धे लढून आले होते आणि १ जानेवारी १९४७ पासून देशाचा स्वतःचा नागरिकत्वाचा कायदाही लागू झाला होता. तरी सरकारी इमारतींवर फडकत होते ते ‘रेड एन्साइन’, म्हणजे मुळात ब्रिटिश व्यापारी जहाजांचे, कोपऱ्यात ब्रिटनचा युनियन जॅक मिरवणारे लाल निशाण. राज्यकर्ते स्वतःचे चिन्ह ठरवण्यात चालढकल करीत असताना लोक मात्र त्यांच्यासाठी थांबले नाहीत. मेपलचे पान नाण्यांवर, शिपायांच्या टोप्यांवर, थडग्यांवर आणि खेळाडूंच्या जर्सीवर केव्हाच येऊन बसले होते, आणि म्हणूनच कॅनडाच्या राष्ट्राभिमानाचा माग काढायचा तर संसदेतील भाषणांपेक्षा या किरकोळ वस्तू अधिक भरवशाच्या साक्षीदार ठरतात.

या पानाची ओळख राजकारणातून नव्हे, तर चुलीपासून सुरू होते. हिवाळा सरत आला की रात्री गोठवणारी थंडी आणि दिवसा शून्याच्या वरचे तापमान अशा हवेत साखर-मेपल या जातीच्या झाडाच्या खोडातून पातळ, किंचित गोड रस वाहू लागतो. तो गोळा करून आटवला की काकवीसारखा पाक तयार होतो. सुमारे ४० लिटर रस आटवावा तेव्हा जेमतेम १ लिटर पाक हाती लागतो. हे तंत्र पूर्व कॅनडातील आदिवासी समाजांना युरोपीय लोक येण्यापूर्वीपासून ठाऊक होते आणि फ्रेंच वसाहतकारांनी ते त्यांच्याकडूनच घेतले. क्वेबेकमध्ये आजही वसंताच्या तोंडाशी कुटुंबेच्या कुटुंबे आपल्याकडील गुऱ्हाळासारख्या लाकडी खोप्यांमध्ये जेवायला जमतात आणि तापलेला पाक बर्फावर ओतून त्याची चिवट मिठाई चाखतात. मात्र साखर-मेपल पूर्वेकडच्या भागातच वाढतो आणि पश्चिमेच्या विस्तीर्ण गवताळ प्रांतांत तो आपोआप उगवत नाही, एवढे ध्यानात ठेवणे बरे. कारण या पानाला ‘सगळ्या देशाचे’ म्हणताना प्रारंभापासूनच थोडी ओढाताण करावी लागली आहे.

पानाला चिन्हाचा मान प्रथम दिला तो फ्रेंच भाषिकांनी. ल्युजेर ड्युव्हर्ने या पत्रकाराने १८३४ मध्ये माँट्रियल येथे स्थापन केलेल्या सेंट जाँ-बाप्तिस्त सोसायटी या संस्थेने मेपलचे पान आपलेसे केले, आणि त्या काळी ‘कॅनडियन’ या शब्दाचा अर्थच मुळात सेंट लॉरेन्स नदीकाठचा फ्रेंच भाषिक असा होता. इंग्रजी भाषिकांनी ते उचलले ते पुढच्या पिढीत: १८६० मध्ये ब्रिटनचे युवराज दौऱ्यावर आले असता स्वागताच्या मिरवणुकीत इंग्लंड, स्कॉटलंड व आयर्लंडमधून आलेल्या लोकांनी आपापल्या मायभूमीची फुले-पाने छातीवर लावली, तेव्हा कॅनडातच जन्मलेल्यांनी मेपलचे पान लावले. १८६७ मध्ये टोरांटोतील अलेक्झांडर म्यूर यांनी या पानावर एक गीत रचले आणि ते इंग्रजी शाळांतून पिढ्यान् पिढ्या गायले गेले. परंतु फ्रेंचांवरील ब्रिटिश विजयाचा गौरव त्यात असल्यामुळे, ज्यांच्याकडून पान घेतले त्यांनाच ते गाणे परके ठरले. १८६८ मध्ये ओंटॅरिओ आणि क्वेबेक या दोन्ही प्रांतांच्या राजमुद्रांवर मेपलची पाने आली, आणि १८७६ पासून काही काळ ती देशाच्या सर्व नाण्यांवर होती. १९३७ मध्ये जॉर्ज क्रूगर ग्रे यांनी एका सेंटच्या तांब्याच्या नाण्यासाठी दोन पानांची डहाळी आखली. हे नाणे इतके क्षुल्लक की रस्त्यात पडले तर पुष्कळजण वाकून उचलतही नसत, पण एका बाजूला ब्रिटिश राजाचा मुखवटा आणि दुसऱ्या बाजूला इथल्या मातीतले पान अशी कॅनडाची दुहेरी निष्ठा त्याच्याइतक्या नेमकेपणाने क्वचितच कशात उमटली असेल. ४ मे २०१२ रोजी विनिपेगच्या टांकसाळीत शेवटचे सेंट पाडले गेले, ते याच डहाळीचे.

पहिल्या महायुद्धाने पानाला वजन दिले. युरोपात लढायला गेलेल्या कॅनडियन पलटणींच्या टोपीवरच्या बिल्ल्यांवर मेपलचे पान होते, आणि फ्रान्स-बेल्जियममधील दफनभूमींत त्यांच्यातील मृतांच्या शिळांवर तेच कोरले गेले. युद्धातून परतलेल्या कॉन स्माइथ यांनी १९२७ मध्ये टोरांटोचा आइस हॉकीचा संघ ताब्यात घेऊन त्याचे नाव ‘मेपल लीफ्स’ ठेवले, ते या बिल्ल्याच्या आठवणीनेच. हॉकी म्हणजे तिथे बर्फावर खेळली जाणारी हॉकी, आणि शनिवारी रात्री घरोघरी लागणारे तिचे रेडिओवरील धावते वर्णन, १९५२ पासून दूरदर्शनवरचे प्रक्षेपण, हे इंग्रजी व फ्रेंच भाषिकांना एकाच वेळी एकाच गोष्टीत गुंतवणाऱ्या मोजक्या व्यवहारांपैकी एक. अर्थात गुंतणे म्हणजे एकोपा नव्हे. १७ मार्च १९५५ रोजी मोरिस रिशार या फ्रेंच भाषिक खेळाडूच्या निलंबनावरून माँट्रियलमध्ये दंगल उसळली.

ध्वजाचा प्रश्न निकडीचा झाला तो परदेशात. १९५६ च्या सुएझ संघर्षात परराष्ट्रमंत्री लेस्टर पिअर्सन यांनी संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना सुचवली आणि त्याबद्दल १९५७ चे शांततेचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. पण त्या सेनेसाठी निवडलेल्या ‘क्वीन्स ओन रायफल्स’ या कॅनडियन पलटणीला इजिप्तने हरकत घेतली, कारण तिचे नाव, तिचा गणवेश आणि निशाणातला युनियन जॅक हे सारे ज्या ब्रिटिशांनी नुकताच हल्ला केला होता त्यांच्यासारखेच दिसत होते. ब्रिटिश निशाण म्हणजे साऱ्या साम्राज्याच्या प्रजेचे समान छत्र, असा युक्तिवाद रेड एन्साइनचे पक्षपाती करीत असत. भारतीय वाचकाला इथे १९१४ ची ‘कोमागाता मारू’ आठवेल. त्या जहाजावरचे ३७६ प्रवासी, बहुतेक पंजाबातील शीख, ब्रिटिश प्रजाजनच होते, आणि तरीही त्यांतील बहुतेकांना व्हँकुव्हरच्या बंदरात उतरू न देता दोन महिन्यांनी परत धाडण्यात आले. छत्र सर्वांचे असले तरी त्याखाली उभे कोणी राहायचे हे रंग पाहून ठरत होते.

पंतप्रधान झाल्यावर पिअर्सन यांनी १७ मे १९६४ रोजी विनिपेग येथे माजी सैनिकांच्या अधिवेशनात नव्या ध्वजाची घोषणा केली, म्हणजे विरोध सर्वात कडवा होता नेमके तिथेच, आणि सभागृहाने त्यांची हुर्यो उडवली. ज्यांच्या टोप्यांवर ते पान होते त्यांनीच ते ध्वजावर नको म्हणावे, हे चमत्कारिक वाटते. पण पान बिल्ल्यावर शोभते, ध्वज मात्र ज्याच्याखाली सोबती पडले तोच राहावा, ही भावना खोटी नव्हती. कॉन स्माइथही विरोधकांच्याच बाजूला उभे राहिले. स्वतः पिअर्सन यांच्या मनात एका डहाळीवर तीन लाल पाने आणि दोन्ही कडांना निळे पट्टे असा नमुना होता. विरोधी पक्षनेते जॉन डीफेनबेकर यांनी तो उडवून लावला आणि संसद महिनोन्‌महिने याच वादात अडकली. शेवटी सर्व पक्षांच्या १५ सदस्यांची समिती नेमली गेली. तिच्यापुढे ३,५४१ नमुने आले. त्यांपैकी २,१३६ वर मेपलचे पान होते, ४०८ वर युनियन जॅक आणि ३८९ वर बीव्हर, म्हणजे ज्याच्या कातड्यासाठी हडसन्स बे कंपनीने १६७० पासून या प्रदेशात व्यापार मांडला तो पाणउंदरासारखा प्राणी. लोकांनी कौल कधीच दिला होता, असेच हे आकडे सांगतात.

समितीतला शेवट डावपेचांचा झाला. किंग्स्टनच्या रॉयल मिलिटरी कॉलेजातील इतिहासकार जॉर्ज स्टॅन्ली यांनी २३ मार्च १९६४ च्या टिपणात, ज्यामुळे फूट पडेल अशी कोणतीही जुनी चिन्हे टाळून एकच पान ठेवावे, असे खासदार जॉन मॅथिसन यांना सुचवले होते. अखेरच्या फेरीत हे एक पान आणि पिअर्सन यांची तीन पाने उरली तेव्हा सत्ताधारी लिबरल सदस्य आपल्या नेत्याच्याच नमुन्याला मत देणार, असे गृहीत धरून विरोधकांनी एका पानाला मते दिली; लिबरलांनीही तेच केले होते, आणि २२ ऑक्टोबर १९६४ रोजी निकाल लागला १४ विरुद्ध ०. त्यानंतर ६ नोव्हेंबरच्या रात्री, पंतप्रधानांना सकाळी ध्वज वाऱ्यावर फडकताना पाहायचे होते म्हणून, सरकारी प्रदर्शन आयोगातील एका अधिकाऱ्याची मुलगी जोन ओमॅली हिने घरचे शिलाई यंत्र आणून पहिले नमुने शिवले. झाक सँ-सिर या आरेखनकाराने पानाची टोके कमी करून ११ वर आणली, जेणेकरून कापड फडफडत असतानाही ते दुरून ओळखू यावे. १५ डिसेंबरच्या पहाटे दोनच्या सुमारास कनिष्ठ सभागृहाने १६३ विरुद्ध ७८ मतांनी ध्वज मंजूर केला.

त्यानंतर पान जे उधळले ते आजतागायत. परदेशी भटकंतीला निघालेले तरुण अमेरिकन समजले जाऊ नयेत म्हणून ते पाठीवरच्या पिशवीला शिवू लागले; ‘आपण अमेरिकन नाही’ हा कॅनडियन अभिमानाचा जुना गाभा त्यात उघडपणे दिसतो. पण बाजाराला सरहद्द नसते. मॅकडॉनल्ड्स ही अस्सल अमेरिकन कंपनी तिथे आपल्या बोधचिन्हाच्या कमानींत छोटे मेपलचे पान लावते, आणि हॉकीपटू टिम हॉर्टन यांनी १९६४ मध्ये हॅमिल्टन येथे सुरू केलेले कॉफी व डोनटचे दुकान, ज्यातील दोन साई-दोन साखर अशा कॉफीच्या ‘डबल-डबल’ या नावाला कॅनडियन ऑक्सफर्ड शब्दकोशाने २००४ मध्ये जागा दिली, ते २०१४ पासून ब्राझिली भांडवलाचे पाठबळ असलेल्या बहुराष्ट्रीय समूहाच्या मालकीचे आहे. सकाळी त्याच्यापुढे रांगेत उभ्या राहणाऱ्यांना त्याचे काही वाटत नाही. हॉकीचे प्रक्षेपण २००८ पासून पंजाबीतही होऊ लागले, आणि कोमागाता मारूचा इतिहास असलेल्या देशात ही घटना संसदेच्या ठरावांहून हलकी मानता येणार नाही.

ज्यांनी पान दिले त्या क्वेबेकने मात्र १९४८ मध्येच लिलीच्या फुलांचा स्वतःचा निळा ध्वज घेतला होता आणि १९९५ च्या सार्वमतात तो प्रांत ५०.५८ टक्के विरुद्ध ४९.४२ टक्के इतक्या निसटत्या फरकाने देशात राहिला. घाबरलेल्या केंद्र सरकारने १९९६ मध्ये १५ फेब्रुवारी हा ध्वजदिन ठरवला आणि लाखो ध्वज फुकट वाटण्याची मोहीम काढली. फुकट वाटलेला अभिमान किती टिकतो हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. २०२१ मध्ये आदिवासी मुलांच्या निवासी शाळांमधील मृत्यूंच्या शोकार्थ सरकारी इमारतींवरचा हाच ध्वज सुमारे पाच महिने अर्ध्यावर होता. आणि २०२५ मध्ये शेजारच्या अमेरिकेचे अध्यक्ष कॅनडाला ५१ वे राज्य म्हणू लागले, आयातशुल्काची धमकी देऊ लागले, तेव्हा किराणा दुकानांच्या फळ्यांवर, किमतीच्या चिठ्ठीशेजारी, देशी मालाची खूण म्हणून पुन्हा तेच पान चिकटवले गेले.

एवढ्या वापरात पानाची जात हरवली तर नवल नाही. २०११ ते २०१३ या काळात प्लास्टिकच्या नव्या नोटा आल्या तेव्हा त्यांवरचे पान कॅनडातील नव्हे, तर युरोपातून आणलेल्या नॉर्वे मेपलचे दिसते, असा आक्षेप वनस्पतिशास्त्रज्ञांनी घेतला. ध्वजावरचे अकरा टोकांचे पान तर निसर्गातल्या कोणत्याच एका जातीचे नाही. मेपल वृक्षाला कॅनडाचे अधिकृत वृक्षचिन्ह म्हणून मान्यता मिळाली ती १९९६ मध्ये, पान ध्वजावर चढल्यानंतर ३१ वर्षांनी.