ठसा, प्रकाश आणि चिमूटभर पांढरी पूड

ज्यांची हयात कचेरीत गेली, त्यांस अंगठ्याच्या ठशाचे मर्म समजावून सांगावयास नको. शाई कमी पडली तर रेषा उमटत नाहीत. अधिक झाली तर रेषांमधील अंतर बुजते आणि कागदावर नुसता काळा डाग उरतो. ठसा उमटावा म्हणून लेप हवा, परंतु तोच लेप हात सैल सुटताच ठशाचा वैरी होतो. हीच कोंडी दंतवैद्यकाच्या अगदी अलीकडच्या इतिहासात कशी उभी राहिली आणि कशी सुटली, ते आज आम्ही वाचकांपुढे मांडीत आहो. विषय वरकरणी क्षुल्लक वाटेल. परंतु अचूकपणा म्हणजे काय आणि तो कोणत्या किमतीस मिळतो, ह्या जुन्या प्रश्नाची एक बाजू त्यात स्वच्छ दिसते.

दाताची प्रतिकृती करावयाची तर प्रथम त्याचा ठसा हवा. प्रशियाचा राजा फ्रेडरिक ह्याचा दंतवैद्य फिलिप फाफ ह्याने 1756 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मेणाचा ठसा घेऊन त्यात प्लास्टर ओतण्याची रीत वर्णिली आहे. जबड्याच्या दोन अर्धुकांचे दोन ठसे घेऊन तो ते जुळवीत असे. पुढे एकोणिसाव्या शतकात थेट तोंडात प्लास्टर घालण्याची पद्धत आली. मागोमाग मलायाच्या जंगलातील गटापर्चा नावाचा चीक आला. लंडनच्या चार्ल्स स्टेंट ह्याने 1856 च्या सुमारास ह्या गटापर्च्यात इतर द्रव्ये मिसळून ठशाचे एक सुधारलेले मिश्रण केले. हृदयाच्या रोहिणीत आज जी नळी बसवितात, तिचे ‘स्टेंट’ हे नाव ह्याच दंतवैद्याकडून आले असे बहुतेक अभ्यासक मानतात. विसाव्या शतकात व्हिएन्नाच्या पोलरने 1925 साली आगर ह्या समुद्रशैवालाच्या खळीचा उपयोग पुढे आणला. दुसऱ्या महायुद्धात जपानकडून येणारे आगर दुर्मिळ झाले, तेव्हा दुसऱ्या जातीच्या शेवाळापासून केलेल्या आल्जिनेटने त्याची जागा घेतली. युद्धोत्तर काळात रबरासारखी लवचीक द्रव्ये आली.

ह्या प्रत्येक द्रव्याचा एकेक दोष होता. मेण काढताना वाकते. प्लास्टर घट्ट होताना किंचित फुगते आणि दातांच्या खाचांतून फोडूनच काढावे लागते. आल्जिनेट ओलावा गमावून आक्रसते. म्हणून ठसा घेतल्यावर त्यात प्लास्टर तातडीने ओतावे लागते. रबराची द्रव्ये ह्या सर्वांहून पुष्कळ विश्वसनीय ठरली. तथापि ठसा, त्यावरून प्लास्टरचा दात, त्यावरून मेणाची आकृती आणि शेवटी धातूची वा सिरॅमिकची कॅप, ही साखळी तशीच राहिली. प्रत्येक कडीत थोडी चूक आणि प्रत्येक कडीस काही वेळ. आम्हांस ह्या साखळीचा अनुभव एका बदलीच्या वेळी आला. दात घासून लहान केलेला, कॅप यावयास आठवडा, आणि हातात रुजू होण्याचा हुकूम! तात्पुरती कॅप बसवून आम्ही गाडीत बसलो. ती दुसऱ्याच मुक्कामी गळाली, आणि नव्या गावी नव्या वैद्याकडे सारे प्रकरण पहिल्यापासून उघडावे लागले.

ठसा द्रव्याने न घेता प्रकाशाने घ्यावा, ही कल्पना फ्रान्समधील लिआँ येथील फ्रान्स्वा द्युरे ह्यांनी 1973 साली आपल्या प्रबंधात मांडली. तिला दवाखान्यात प्रत्यक्ष चालवून दाखविण्याचे श्रेय मात्र मुख्यतः झुरिक विद्यापीठाकडे जाते. तेथील दंतवैद्य वेर्नर म्योरमान आणि विद्युत् अभियंता मार्को ब्रांडेस्टिनी ह्यांनी ‘सेरेक’ नावाचे यंत्र सिद्ध केले आणि सप्टेंबर 1985 मध्ये एका रुग्णाच्या दातातील खळग्यात बसणारा सिरॅमिकचा तुकडा एकाच बैठकीत कोरून बसविला. तुकड्याचा चावण्याचा पृष्ठभाग पहिल्या यंत्रास कोरता येत नसे; तो वैद्यास हातानेच घडवावा लागे. परंतु ठसा, प्लास्टर आणि आठवडाभराची प्रतीक्षा ह्या तिन्ही गोष्टी एकदम गळल्या.

ह्या यंत्राच्या कॅमेऱ्याचे तत्त्व आपल्याकडील मोजणीखात्यास परके नाही. विल्यम लॅम्टनने 1802 साली मद्रासजवळ पायारेषा मोजून त्रिकोणमितीय सर्वेक्षणास आरंभ केला आणि 1823 साली वर्ध्याजवळ हिंगणघाट येथे, काम चालू असतानाच, देह ठेवला. एक बाजू आणि दोन कोन कळले की दूरच्या शिखराचे स्थान तेथे न जाताही सांगता येते, हेच त्याचे सूत्र. सेरेकचा कॅमेराही एका कोनातून दातावर प्रकाशाच्या रेघा टाकतो, दुसऱ्या कोनातून त्या पाहतो, आणि त्या किती सरकल्या यावरून प्रत्येक बिंदूची खोली काढतो. डोंगराच्या जागी दाढ आली आणि मैलांच्या जागी मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आला.

परंतु येथेच अडचण उभी राहिली. डोंगराचे शिखर प्रकाशास आत घेत नाही, दात घेतो. दाताचे वरचे कवच अर्धपारदर्शक असते. त्यावर पडलेला किरण काही अंशी आत शिरतो, विखुरतो आणि भलतीकडूनच बाहेर पडतो. त्यामुळे रेघेची कड पुसट होते. शिवाय लाळेने ओला दात जागोजाग चमकतो, आणि चमक पडली की तेथे कॅमेरा आंधळा होतो. एकाच तोंडात कवच, आतले दंतद्रव्य, जुने चांदीचे भरण आणि हिरडी शेजारी शेजारी असतात, आणि प्रत्येकाची प्रकाश परतविण्याची तऱ्हा निराळी. ह्यावर उपाय निघाला तो घराला चुना देण्याइतका साधा. दात कोरडा करावयाचा, त्यावर चिकट द्रवाचा हलका हात फिरवावयाचा आणि टायटॅनियम डायॉक्साइडची पांढरी पूड फुंकावयाची. मग सारा पृष्ठभाग एकरंगी व अपारदर्शक होतो, प्रकाश सर्व दिशांस सारखा परतवितो, आणि रेघा ठसठशीत दिसू लागतात.

लेपाने कॅमेऱ्यास दृष्टी दिली खरी. पण कॅमेरा आता दात पाहत नव्हता, दातावरील पूड पाहत होता. पुडीची जाडी दाताच्या जाडीत मिळाली. तीवरून कोरलेली कॅप तितकीच सैल होणार हे उघड आहे. जाडी सर्वत्र सारखी असती तर गणितात वजा करता आली असती. लॅम्टनच्या पोलादी साखळीची लांबी उन्हाने वाढे. परंतु तो उष्णतामापक ठेवून तितकी दुरुस्ती करीत असे. सम चूक वजा होते, विषम चूक होत नाही. पूड सपाट भागावर पातळ बसे, कोपऱ्यांत साचे, धारदार कडा बोथट करी. आणि कॅप टिकणार की नाही हे ठरते ते नेमके कडेवर! मॅक्लीन आणि फॉन फ्राउनहोफर ह्यांनी 1971 साली हजारावर दातांच्या पाहणीवरून कडेची फट 120 मायक्रॉनपर्यंत चालेल असा निष्कर्ष काढला होता, आणि तो पुढे मापदंडच बनला. त्याहून अधिक फट राहिली की सिमेंट धुपते, जंतू आत शिरतात आणि कॅपखाली दात गुपचूप किडतो. ह्या एवढ्याशा तिजोरीतून कोणी काही दशक मायक्रॉन पुडीवर उधळले, तर बाकी काय उरणार?

म्हणून पुढील वीस-पंचवीस वर्षे यंत्राइतकाच भर हातावर राहिला. फवारणी किती अंतरावरून करावी, किती क्षण करावी, दात कोरडा कसा राखावा, हे तंत्र शिकावे लागे. एकाचा लेप रेशमासारखा तर दुसऱ्याचा गिलाव्यासारखा. जिभेने वा लाळेने पूड धुतली गेली तर पुन्हा फवारावे लागे, आणि दोन छायाचित्रांच्या मध्ये पृष्ठभागच बदललेला असे. पूड अधिक बारीक झाली, फवारे सुधारले. 2009 साली सेरेकच्या नव्या कॅमेऱ्यात निळा प्रकाश आला. आखूड लहरींमुळे त्याची मापे अधिक बारीक झाली. पूड मात्र सुटली नाही.

ती सुटण्याची वाट दुसरीकडून निघत होती. 2007 च्या सुमारास इस्रायलमधील ‘आयटेरो’ हे यंत्र पुडीवाचून दात पाहू लागले. कोणत्या खोलीवर परतलेला किरण नेमक्या केंद्रात येतो हे शोधून ते अंतर काढते. रेघ सरकण्यावर त्याचा भार नसतो. 2008 साली बाजारात आलेल्या ‘लाव्हा’ यंत्राने चलच्चित्रासारखे सलग मोजमाप आणले. त्यास भरघोस लेप नको होता, दुरून टिपका मारावा तशी जुजबी पूड पुरे होई. 2012 साली सेरेकच्या घराण्यातही पुडीवाचून चालणारा रंगीत कॅमेरा आला. दात सुधारून घेण्याऐवजी डोळाच सुधारला. दरम्यान पुडीविषयी दुसरीही शंका उठली होती. श्वासावाटे जाणारी टायटॅनियम डायॉक्साइडची धूळ मनुष्यास कर्कजनक असण्याचा संभव आहे, असे वर्गीकरण कर्करोगसंशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने केले आहे. रुग्णाच्या खुर्चीतील क्षणभराचा फवारा निराळा आणि कारखान्यातील धूळ निराळी, हे खरे. तरी जी वस्तू टाळता येते ती टाळण्यास आणखी एक कारण मिळाले.

तथापि लेपाचा इतिहास संपला असे म्हणवत नाही. झळझळीत धातूचे भरण आजच्या कॅमेऱ्यांनाही फसविते, आणि तेथे अजून कधीमधी पुडीचा आधार घ्यावा लागतो. कारखान्यांत चकाकणाऱ्या भागांची मापे घेण्यासाठी तर असे फवारे निघाले आहेत की, ते काम होताच काही वेळाने आपोआप हवेत उडून जातात. देवापुढच्या कापरासारखे, मागे काही न ठेवता. आणि हिरडीखाली दडलेली कड ना पुडीने दिसते ना नव्या डोळ्याने. ती वैद्याच्या हातांनी उघडी करावी लागते.

आम्ही तात्पुरत्या कॅपची कथा वर सांगितली. ह्या इतिहासाकडे आम्ही पाहतो ते तिच्यामुळेच. फाफच्या मेणापासून सेरेकच्या पुडीपर्यंत प्रत्येक पिढीने चुकीचे एक नवे साधन पत्करले, कारण त्याहून मोठी जुनी चूक त्यामुळे टळत होती. आणि ते साधन किती चुकते ह्याचा हिशेब जिने चोख ठेवला, तीच पिढी पुढे त्यावाचून चालू शकली. पुडीची जाडी कोणी मोजलीच नसती, तर पुडीवाचूनचा डोळा कोणी शोधला असता काय?